पाव फेरा सैल

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

संध्याकाळी ग्रुपवर टाकलं ते जसंच्या तसं:

१. अझीम, गडहिंग्लज, यांच्याकडून १५ सप्टेंबरला डावखुरा, चार तारांचा बास गिटार घेतला.
२. २७ तारखेला त्याच्या जाड तारा काढून हलक्या तारा चढवल्या.
३. २८ तारखेला मोजलं. हलक्या तारांची ओढ कमी, त्यामुळे नेक किंचित मागे वाकलेली. ट्रस रॉड पाव फेरा सैल करायची गरज. नव्या तारा बसेपर्यंत थांबले.
४. आज बॅग उघडली. नेक उलट पुढे वाकलेली. बाराव्या फ्रेटवर तारा पाच मिलिमीटर वर. रॉडचा नट दोन्ही बाजूंना कितीही फिरतो. पकड नाही. रॉड आतून तुटलेला आहे.
५. म्हणजे रॉड देतानाच कमजोर होता आणि ते सांगितलं गेलं नाही.

ग्रुपात चाळीसेक जण. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी, थोडे पुण्याचे – सगळे डावखुरे बासवाले. निम्म्यांचे बास अझीमच्या हातून गेलेले. तो स्वतःही ग्रुपात आहे. लपून काही लिहिलेलं नाही.

मोनाला फोनवर ट्रस रॉड समजावून सांगावा लागला. नेकच्या, म्हणजे बासच्या लांब दांडीच्या, पोटात एक लोखंडी सळई असते. तारा नेकला पुढे ओढतात, सळई मागे धरून ठेवते. ती तुटली की लाकूड एकटं पडतं.

"अगं, मग वाजणार कसा?"

वाजणार नाही. आणि वीस तारखेला दिवाळी पहाट. मोना गाणार, राजवर्धन ड्रम्सवर, मी बासवर. पहिल्यांदाच लोकांसमोर.

४ ऑक्टोबर, शनिवार

अझीमचं उत्तर ग्रुपवर: "ताई, देताना नेक सरळ होती. तुमच्यासमोर मापून दिलती. तरी घेऊन या, बघू काय ते."

मी: "मापं माझ्याकडेही आहेत."

माझ्या वाक्याला सात अंगठे. त्याच्या वाक्याला एकही नाही. बेळगावच्या एकानं लिहिलं – "म्हणजे माझाही उघडून बघायला पाहिजे."

राजवर्धनचा फोन. "सरळ त्याला फोन करायचा की. चव्हाट्यावर पंचनामा कशाला?"

"फॅक्ट्स लिहिल्या."

"फॅक्ट्स चार होत्या. पाचवा तुझा निकाल होता."

मग म्हणाला, "तुझ्याशी भांडायचं म्हणजे आधी मायक्रोमीटर आणायला पाहिजे बाई." आणि हसला. मी नाही हसले. फोन ठेवला.

५ ऑक्टोबर, रविवार

पाचव्या मुद्द्यावर दिवसभर विचार. कंपनीत कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तपासताना मी हाताखालच्यांना हेच सांगते – जे दिसलं ते एका रकान्यात, जे वाटलं ते दुसऱ्या. मग माझ्याच लिहिण्यात हे कसं मिसळलं?

पंधरा तारखेचं सगळं आठवून बघितलं. सोमवारची सुट्टी होती, एसटीनं गेले. स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. पुढे मोबाइल दुरुस्ती, मागे अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, आणि भिंतीला टांगलेले गिटार, बास. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तोही बासच वाजवतो, डाव्या हातानं. त्यानं बास खाली काढला आणि माझ्यापुढे धरला – सरळ माझ्या उजव्या हातात नेक येईल असा. आयुष्यात इतर कुणीही मला कुठलीही वस्तू माझ्या बाजूनं दिलेली नाही. कात्री, पळी, पेन, काहीच नाही. चार वर्षं मी उजव्यांचा बास उलटा धरून, तारा बदलून वाजवत आले. त्याची बटणं कोपराला लागायची. वाजवता वाजवता आवाज बंद व्हायचा. वाटायचं, मीच वेंधळी.

हा धरला आणि कोपराखाली काहीच नव्हतं. रिकामी जागा.

त्याची आई इमामबी चहा घेऊन आली. मी कप उजव्या हातात घेतला, सवयीनं. ती म्हणाली, "डाव्या हातानं घे की पोरी. हितं कोण काय म्हणत न्हाय. ह्येला मारून मारून माझा हात दुखला, ह्येचा काय बदलला न्हाय."

"अम्मी, गिऱ्हाईक हाय ते."

"मग? गिऱ्हाइकाला काय हात नसतोय?"

मी त्या दिवशी स्वतः नट थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवून पाहिला होता. पकड होती. नेक त्याप्रमाणे हललीही होती.

पण कमजोर रॉडही तुटेपर्यंत पकड दाखवतो. तेव्हा पाचवा मुद्दा अजून उभा आहे. अशक्य नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

बेळगावच्या माणसानं अझीमला त्याचा बास परत नेऊन दिला. ग्रुपवर फोटोसकट. त्याच्या नेकमध्ये काही दोष सापडला होता का? मी विचारलं. "नाही, पण रिस्क कशाला." त्याखाली माझे आभार मानलेत.

आभार नको होते.

कोजागिरीचं दूध आक्कानं आटवलं. आक्का म्हणजे पप्पांची मोठी बहीण, नेसरीची. आई गेल्यापासून आमच्यातच असते. गच्चीवर तिघंच. पप्पांनी मध्येच विचारलं.

"त्ये तुझं वाजवायचं… काय झालं म्हणं त्येचं?"

"रॉड तुटला."

"कशानं?"

"देणाऱ्यानं खराब दिला."

पप्पांनी पेला खाली ठेवला. "असं कसं म्हणतीस? बघून घेतलंयस न्हवं?"

"माझ्याकडे मापं आहेत पप्पा. आणून दाखवू?"

"नको."

थोड्या वेळानं उठून खाली गेले. आक्का म्हणाली, "बापाशी बोलतीस का ऑडिट करतीस गं?" ऑडिट हा शब्द तिनं माझ्याकडूनच उचललाय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अझीमनं ग्रुप सोडला. 'अझीम यांनी ग्रुप सोडला' – करड्या अक्षरांची एक ओळ. त्याखाली कुणी काही लिहिलं नाही. मीही नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

नेक चार स्क्रू काढून वेगळी केली आणि कंपनीत नेली. जेवणाच्या सुट्टीत बोरस्कोप लावला. कास्टिंगच्या आतल्या पोकळीत घालून बघायचा तो बारीक कॅमेरा. रॉडच्या भोकात सहज गेला. जे दिसलं तेवढंच आधी लिहिते.

नटाच्या आतले सहा कोपरे एका बाजूनं झिजलेले. घट्ट करण्याच्या बाजूनं.

सळईला पीळ बसलेला. त्याच बाजूला.

तुटलेली जागा पांढरी, चकचकीत. जुनी चीर असती तर काळपट असती, गंज असता. आमच्याकडे नवीन पोरगंसुद्धा हे सांगेल. ही तूट ताजी आहे.

आणि वास. गंज सोडवायच्या स्प्रेचा. माझ्याकडे तो स्प्रे नाही. मी तो या लाकडाजवळ नेणारही नाही.

आता जे वाटतं ते. रॉड सैल करायचा होता. कुणीतरी घट्ट केला. घट्ट होतोय म्हटल्यावर थांबलं नाही, जाम झालाय समजून स्प्रे मारला आणि आणखी जोर लावला. हाताच्या जोरानं एवढा पीळ पडत नाही. अ‍ॅलन कीवर पाइप चढवलेला असणार.

म्हणजे त्याला माहीत होतं की सैल करायचाय. आणि त्याची खात्री होती की सैल त्या बाजूला होतो.

इथे माझं जेवण थांबलं.

बेंच ग्राइंडरला दोन चाकं असतात. उजव्या चाकाचा नट सगळ्या नटांसारखा सुटतो. डाव्या चाकाला उलटे आटे असतात. नाहीतर चाक फिरता फिरता नट आपोआप सुटून येईल. मी दहा-अकरा वर्षांची असताना उद्यमनगरात, वर्कशॉपमध्ये, एका माणसानं मला स्टुलावर उभं करून हे दाखवलं होतं. "डावीकडचं सोडवायचं झालं की हात उलटा फिरवायचा. ध्यानात ठेव."

अठ्ठावीस तारखेला जेवताना मी म्हणाले होते – नेक मागे वाकली आहे, रॉड पाव फेरा सैल करायचा आहे, तारा बसल्या की, वेळ मिळेल तेव्हा. समोर दोघंच होती. आक्का आणि ते.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. नेक पोत्यात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवली. दुपारभर कास्टिंग तपासली. एकही चुकीचं पास केलं नाही. हे का लिहितेय, माहीत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आक्काला विचारलं. सकाळी, पप्पा गेल्यावर. ती मेथी निवडत होती.

"खंडेनवमीला माझी बॅग कुणी हलवली होती का?"

"व्हय. तुझ्या पप्पानं. तू कंपनीतल्या पूजेला गेलीस न्हवं, मागनं त्येनं काढली. म्हणला, आक्का, ह्ये बी अवजारच हाय की. पूजेला लावूया. गाडीवर म्होरं उभी धरून घेऊन गेला कारखान्यावर. लेकरू न्यावं तशी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कुठं इचारलंस? तू म्हणलीस देणाऱ्यानं खराब दिला. म्हणलं, आसंल."

"परत कधी आणला?"

"दुपारी. जेवला न्हाय त्या दिवशी. पुरणपोळी केलती." मग मेथीची काडी मोडत म्हणाली, "काय केलंय त्येनं?"

"काही नाही."

"तुज्या काही न्हायची मला लई भीती वाटती बघ."

वर्कशॉपचा नियम मला माहीत आहे. खंडेनवमीला प्रत्येक मशीन धुतात, पुसतात, तेल घालतात, आणि हळदकुंकू लावण्याआधी एकदा चालवून बघतात. बिघडलेलं अवजार पप्पा पूजेला लावत नाहीत. एकदा एक ड्रिल मशीन बंद होतं, तर पूजा दुपारपर्यंत थांबवली होती. आधी ते चालू केलं, मग नारळ फोडला.

तेव्हा काय झालं ते मला समोर दिसतंय. बास टेबलावर ठेवला असेल. एक डोळा मिटून नेकवरून बघितलं असेल, शाफ्ट बघतात तसं. बाक दिसला असेल – त्यांच्या डोळ्याला दिसतो. पोरगी सैल करायचं म्हणत होती. बास नीट बघितला असेल. सगळंच उलटं: जाड तार उलट बाजूला, बटणं उलट बाजूला, अंगाचा कापही उलट. चाळीस वर्षं जे हातांना माहीत आहे त्यावरून ठरवलं असेल: डावखुऱ्यासाठी केलेली वस्तू, आटे उलटेच असणार.

नसतात. बास उजवा असो की डावा, रॉडचा आटा एकच. हे सांगायला तिथे मी नव्हते.

विचार चुकला, पण तो मूर्खाचा विचार नव्हता. आमच्या घराबाहेर हे कुणाला समजावून सांगता येणार नाही.

आणि सांगायचं कसं? अडकलेला नट, तुटलेला स्टड काढायला सगळं उद्यमनगर पप्पांकडे येतं. त्यांचं नावच त्यावर आहे. राजवर्धनचं घर वर्कशॉपच्याच गल्लीत. ग्रुपात कोल्हापूरचेच आठजण आहेत, त्यातल्या दोघांचे वडील पप्पांना ओळखतात. मी खरं लिहिलं तर संध्याकाळपर्यंत चहाच्या गाड्यावर पोचेल – सोडायला गेला आणि आवळून मोडला म्हणं. ती माणसं वाईट नाहीत. पण सोडणार नाहीत. मरेपर्यंत हाक मारतील त्यावरून.

नाही लिहिलं तर अझीम खोटा.

दोघांपैकी एकाचं नाव जाणार. आणि दोन्ही वेळा लिहिणारी मी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

जेवताना पप्पा: "त्या गडहिंग्लजच्या माणसाचं काय झालं?"

"ग्रुप सोडला त्यानं."

"का बरं?"

"मी लिहिल्यामुळे. लोक त्याला वस्तू परत देतायत."

घास हातातच राहिला. "निशे…"

"काय?"

आक्का एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

"काय न्हाय. मीठ दे जरा."

मी मीठ दिलं.

मला विचारता आलं असतं. आम्ही कंपनीत असं करतो – खराब जॉब निघाला की ऑपरेटरला ओरडत नाही. जॉब त्याच्यासमोर ठेवतो आणि गप्प बसतो. तो आपणहून बोलतो. नेहमी बोलतो. मी आज तेच केलं. पप्पा बोलले नाहीत. ताट तसंच ठेवून उठले.

माणसावर ते करायचं नसतं बहुतेक. निदान आपल्या माणसावर.

११ ऑक्टोबर, शनिवार

मोनाच्या घरी तालीम. जुना उलटा बास घेऊन गेले. दुसऱ्याच गाण्यात कोपर लागून आवाज बंद. मोना गातच राहिली, राजवर्धन वाजवतच राहिला, मी बटण शोधत होते.

राजवर्धन म्हणाला, "सांगलीच्या मुलीनं पण अझीमची ऑर्डर थांबवली. कळलं का?"

"नाही."

"त्याच्याकडून ती तीन महिने एक बास करून घेत होती. लहान हातांसाठी, मुद्दाम बारीक नेकचा. आता नको म्हणते."

मी केबल गुंडाळत होते.

"निशिगंधा, तुला काहीतरी कळलंय."

"कशावरून?"

"चार दिवस झाले, तू त्याला एकदाही शिवी दिली नाहीस. निकाल लागलेल्या माणसाला तू सोडत नाहीस सहसा."

मोना म्हणाली, "राज्या, गप की."

घरी येताना ठरवलं. एक तिसरा मार्ग आहे. मी मोडला म्हणायचं. मी फिरवला, चुकीच्या बाजूला फिरवला, घाबरून दुसऱ्यावर ढकललं. अझीम सुटेल, पप्पा सुटतील. मला काय म्हणतील – इंजिनिअर झाली आणि नट फिरवता येत नाही. म्हणू देत. माझं गिऱ्हाईक नाही ग्रुपात.

एवढा सोपा हिशोब, तरी घरापर्यंत तो पुन्हा पुन्हा मांडत आले. मी आजवर एकही खोटा रिपोर्ट दिलेला नाही. पुरवठादार ओळखीचा असो, साहेबाचा मेहुणा असो. लोक त्यासाठी माझ्यावर चिडतात आणि त्यासाठीच माझ्यावर विसंबतात. याशिवाय माझ्याकडे दुसरं काय आहे, माहीत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आधी अझीमला एकट्याला पाठवलं:

"रॉड तुमच्याकडून खराब आला नव्हता. मी स्वतः चुकीच्या बाजूला फिरवून तोडला. ग्रुपवर तसं लिहिणार आहे. तुम्हाला त्रास झाला, त्याची माफी मागते. लिहिण्याआधी तुम्हाला काही म्हणायचं असेल तर सांगा."

तीन वेळा वाचलं. दुसरं वाक्य सोडून सगळं खरं आहे.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

पप्पा आज वर्कशॉपमधून उशिरा आले. बोटाला नवी पट्टी. आक्कानं विचारलं तर म्हणाले, लेथवर बारीक काम चाललंय. मी विचारलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी अझीमचा फोन.

"ताई, तुम्ही न्हाई मोडला त्यो."

"मीच मोडला."

"तुमचे पप्पा आलते की माझ्याकडं. मागच्या सोमवारी, सकाळच्या एसटीनं. तुम्ही ग्रुपवर लिवलेलं त्यांना गल्लीत कळलंतं. सगळं सांगितलं. म्हणले, माझ्या पोरीनं खोटं न्हाई लिवलं, तिला म्हाईत न्हाई. तिला मी सांगतो, तवर तुम्ही बोलू नका. एवढा मोठा माणूस दारात हात जोडून उभा राहिला, मग मी काय बोलणार? ग्रुप सोडला. बोलायचंच न्हाई म्हटल्यावर तिथं बसून ऐकायचं कशाला?"

"तुमचं नुकसान झालं."

"झालं की. काल परत आलते, नवीन रॉड करून घेऊन. आख्ख्या गडहिंग्लजात असा रॉड कुणी करणार न्हाई. पण नेक तुम्हीच उघडा म्हणले, माझा हात आता त्याला लावत न्हाई."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं त्यांनी?

"त्ये मी बी इचारलं. म्हणले, तिच्याम्होरं चूक सांगायची तर लई तयारी लागती. मी रोज तयारी करतोय."

त्यांना परक्याच्या दारात जायची भीती वाटली नाही. जेवणाच्या ताटावर वाटली. गडहिंग्लजच्या माणसाची नाही, उद्यमनगराची नाही. माझी.

ग्रुपवर लिहिलं. पाचवा मुद्दा चूक होता, तो माझा होता, अझीमचा दोष नाही, बास त्यांनी उत्तम दिला होता. एवढंच. त्यांना परत यायची विनंती केली.

पप्पांच्या उद्याच्या डब्याच्या पिशवीत ही चिठ्ठी ठेवली आहे:

"पप्पा, अझीमशी बोलणं झालं. मला कळलं आहे. तयारीची गरज नाही. मी त्याच्याबद्दल जे लिहिलं होतं ते आज माझ्या नावानं मागे घेतलं. रॉड कुणी फिरवला ते कुठेही लिहिलेलं नाही. ते सांगायचं का, आणि कुणी, हे तुम्ही ठरवा. वीस तारखेला जुन्याच बासवर वाजवेन; भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी अझीमकडून नेक उघडून तुमचा रॉड बसवून घ्यायला गडहिंग्लजला जाणार आहे. तुम्ही माझ्याबरोबर याल का? या गुरुवारपर्यंत सांगा."